वहिनीचं पातेलं

महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी भक्ती संपली की चर्चच्या मागच्या खोलीत प्रीतिभोजन असायचं. प्रत्येक घराने आपलं पातेलं झाकून आणायचं आणि लांब टेबलावर ओळीत ठेवायचं. उपकारस्तुती झाली की सगळी झाकणं एकदम उघडायची. कुणाचं काय, कुणी किती आणलं, हे विचारायचं नाही. सगळ्यांनी सगळ्यातलं खायचं. विचारायचं नाही एवढाच नियम. ओळखायचं नाही असा नियम कोण करणार? कुणाच्या पातेल्याला पोचा, कुणाचा कान तुटलेला, कुणाच्या झाकणाला मूठ म्हणून बाटलीचं बूच. वर्षानुवर्षं तीच भांडी, तेच हात.

त्या ओळीत दादाच्या घरचं पातेलं दिसेनासं झालं, ते त्याच्या धाकट्या बहिणीच्या लगेच लक्षात आलं. दादा आणि वहिनी भक्तीला यायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि शेवटचं गीत संपायच्या आत फाटकाबाहेर पडायचे.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गावातल्या निम्म्या लोकांसारखा दादाही लाँड्रीत कामाला होता. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुऊन, मोठ्या गरम रोलरमधून इस्त्री होऊन निघत. रोलरच्या तोंडाशी हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असायची. चादर जाळीत अडकते, कामाला वेळ लागतो, म्हणून ती काढली गेली. मग एका बाईची बोटं चादरीबरोबर आत गेली. दादाने यंत्र बंद केलं आणि म्हणाला, जाळी लागल्याशिवाय हे चालू होणार नाही. चौकशी झाली. बाईचा निष्काळजीपणा, असं ठरलं. काम बंद पाडलं म्हणून दादाला काढलं.

त्या पाळीचा मुकादम म्हणजे बहिणीचा नवरा. जाळी त्यानेच काढली होती, साहेबांनी सांगितलं म्हणून. चौकशीत त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "जाळी होती की नव्हती, मला आठवत नाही."

हे उत्तर त्याने घरून शिकून नेलं होतं. त्या दिवशी सकाळी त्याचा डबा भरताना बहिणीनेच सांगितलं होतं, "तुम्ही कशाला मध्ये पडताय? आपली पोरं अजून शिकताहेत. दादाचं काय, तो मांजरासारखा आहे. कुठूनही टाका, चार पायांवरच पडतो."

दादा चार पायांवर पडला नाही. लाँड्रीतून काढलेल्या माणसाला गावात दुसरीकडे कुणी उभं करेना.

बहीण काही दगड नव्हती. भावाच्या घरी चूल कशी चालली असेल या विचाराने तिला रात्र रात्र झोप लागत नव्हती. पण डबा घेऊन जावं, तर वहिनी दारातून परत पाठवणार. वहिनी म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी बाई. शेवटी चर्चचं स्वयंपाकघर झाडायची बहिणीची पाळी आली आणि कपाटात वहिनीचं पातेलं दिसलं, मागे कधीतरी विसरून राहिलेलं. बहिणीला वाटलं, देवानेच वाट दाखवली. पुढच्या रविवारी पहाटे उठून तिने वाटाणे-बटाटे शिजवले, वहिनी घालते तसा वरून भाजलेला लसूण घातला, ते त्या पातेल्यात ओतलं आणि ओळीत मधोमध ठेवून दिलं.

भक्ती संपली. दादा फाटकाकडे निघाला, तेव्हा तिने सगळ्यांच्या देखत हाक मारली, "दादा, निघालास कुठे? तुमचं पातेलं टेबलावर आहे की!"

दादाने बायकोकडे पाहिलं. बायकोने नणंदेकडे पाहिलं. आजूबाजूला दहा लोक उभे. नाही म्हणावं तर तमाशा. दोघं आत येऊन बसली. झाकणं उघडली. लोकांनी आवडीने वाढून घेतलं आणि कुणीतरी म्हणालं, "लसूण बघा, हात लगेच कळतो!" वहिनीने एक घास तोंडात टाकला आणि तो बराच वेळ चावत राहिली.

जेवणानंतर भांडी घासायच्या मोरीपाशी तिने नणंदेला गाठलं.

"वन्सं, माझ्या हाताची नक्कल चांगली केलीत हो."

"वहिनी, अहो, मी आपलं..."

"लसूण मात्र जास्त करपवलात. लोक म्हणतील, हिचा हात बिघडला." तिने पातेलं धुतलं, पुसलं आणि काखेत मारलं. "हे मी घेऊन जाते. पुढच्या वेळी माझं मी आणीन."

बहीण घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "बघा, सुटला प्रश्न. पुढच्या वेळी आणणार म्हणाल्या." मुकादम चपला काढत होता. "हं," एवढंच म्हणाला. चौकशीपासून तो 'हं'च्या पुढे फारसा जातच नव्हता.

पुढच्या प्रीतिभोजनाला वहिनीचं पातेलं खरंच आलं. स्वच्छ, लखलखीत, वर घट्ट झाकण. बहिणीला इतकं हायसं वाटलं की तिने आपलं पातेलं त्याच्या शेजारी सरकवून ठेवलं. त्या दिवशी पाळकसाहेब रोजच्या भाकरीवर बोलले होते. ती आपण प्रत्येक जण आपल्यापुरती मागत नाही, सगळे मिळून सगळ्यांसाठी मागतो, असं काहीसं. बोलणं चांगलं होतं. लोकांना भूक लागली होती. उपकारस्तुती झाली, आमेन झालं, झाकणं उघडली.

वहिनीचं पातेलं रिकामं होतं.

वाढायला पुढे झालेल्या पळ्या तशाच थांबल्या. टेबलाच्या टोकाला बसलेल्या आजीला कमी दिसायचं आणि बोलायची मात्र मोठ्याने.

"काय गं, तू काय आणलंस? मला इथून दिसत नाही."

"काही नाही, आजी," वहिनी म्हणाली.

"काही नाही, तर झाकून कशाला आणलंस?"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. बहिणीने पटकन आपली पळी भरली आणि वहिनीच्या पातेल्यात ओतायला नेली. वहिनीने त्यावर तळहात ठेवला.

"भरू नका, वन्सं. घरात जे असेल ते आणायचं, अशी रीत आहे ना? आमच्या घरात हे आहे, हे आणलं. तुम्ही एकदा भरलंत, दोनदा भराल. पण ते रिकामं का झालं, हे कुणी विचारणार आहे का नाही?"

पळीतला रस टेबलावर ठिबकत होता. बहिणीने नवऱ्याकडे पाहिलं. तो मेजावरच्या कापडाची घडी बोटाने सरळ करत होता. काहीतरी बोलून वेळ निभावता आली असती. तिला ते चांगलं जमायचं. जीभ तयारही झाली होती. पण पाहते तर वहिनीच्या मनगटातली बांगडी सैल होऊन पार बोटांच्या मुळांपर्यंत उतरली होती, आणि तिला एकदम कळलं की वाटाणे-बटाटे आपण भावासाठी शिजवलेच नव्हते. ते आपल्याला झोप यावी म्हणून शिजवले होते.

तिने पळी खाली ठेवली.

"ह्यांना बोलू द्या," ती म्हणाली. "तोंड मीच बांधलंय त्यांचं. बोला हो. काय व्हायचं ते होईल."

मुकादम उभा राहिला. उभं राहायची गरज नव्हती, पण चौकशीत उभं केलं होतं तसाच उभा राहिला.

"जाळी मी काढली. साहेब म्हणाले म्हणून काढली, पण पाना माझ्या हातात होता. आठवत नाही म्हणालो, ते खोटं. रोज आठवतं. उद्या ऑफिसात जाऊन हेच सांगतो."

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. भला माणूस. दोन्ही हात पसरून ते म्हणाले, "देवाची स्तुती असो! तर मग आता दोघं हात मिळवा आणि..."

"पाळकसाहेब, घाई नको," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "इथे बोलणं सोपं आहे, सगळी आपली माणसं. तिथे बोलू दे. हात उद्या संध्याकाळी."

"म्हणजे आज जेवायचं का नाही?" आजीने विचारलं.

"जेवायचं की," वहिनी म्हणाली. तिने पातेलं उचलून खाली ठेवलं आणि नणंदेपुढे ताट धरलं. "वाढा. हात आखडू नका. आज खरंच भूक आहे."

त्या दिवशी ती दोनदा मागून घेऊन जेवली. दादाही जेवला, पण मुकादमाच्या बाजूला बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादम ऑफिसात गेला. साहेबांनी आधी बसायला सांगितलं, ऐकून घेतल्यावर उभं राहायला सांगितलं. तरी त्याने सगळं लिहून सही करून दिलं. उद्यापासून येऊ नका, पुढचं कळवू, असं सांगून त्याला घरी पाठवलं, तेव्हा वाटेत बोटं गेलेल्या बाईच्या नवऱ्याला गाठून त्याने त्यालाही हेच सांगितलं. दादाला परत घेतील का, बाईला काही मिळेल का, हे त्या संध्याकाळी कुणालाच ठाऊक नव्हतं.

बहीण दिवसभर खिडकीशी बसून होती. पोरांच्या फीचा विचार करून डोकं दुखायला लागलं होतं. चूल पेटवायचं भानच राहिलं नाही. नवरा येऊन खुर्चीत बसला आणि बूटही न काढता सगळं सांगून गेला. कित्येक दिवसांत तो इतकं बोलला नव्हता. ती एकदा रडली, मग तोंड धुऊन आली.

तेवढ्यात दार वाजलं. दादा आणि वहिनी. लाँड्रीतली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

दादा सरळ आत गेला, मेहुण्यासमोर उभा राहिला आणि हात पुढे केला. मुकादमाने तो धरला. बराच वेळ दोघांना सोडायचं सुचेना.

"आता दोघेही बेकार," दादा म्हणाला. "तुला पाना धरता येतो, मला भांडता येतं. बघू, काय जमतं."

मुकादम हसला. हसताना त्याचा आवाज चिरकला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. ओटा कोरडा ठणठणीत होता.

"काय शिजवलंय?"

"अजून काहीच नाही, वहिनी."

"तरी म्हटलं, वास कसा येत नाही." तिने पदर खोचला आणि नणंदेला कोपराने ढकललं. "सरका. कांदे कुठे ठेवता तुम्ही? आणि लसणाला हात लावू नका. तो मी बघते."