चपट्या बाजूचा डिंक

शर्यतीच्या गाडीचं मागचं चाक बदलणाऱ्याला एरवी कुणी विचारत नाही. गाडी जिंकली की ड्रायव्हरचा फोटो छापून येतो, हरली की आमची शोधाशोध सुरू होते. अठरा वर्षं मी हे काम करतोय आणि अठरा वर्षं ही तक्रार करतोय, त्यामुळे गॅरेजमध्ये आता ती कुणाला ऐकूही येत नाही.

त्या रविवारी दुपारी कॅटॉबा क्रीकच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर आमची गाडी दुसरी होती. पन्नास फेऱ्या उरल्या होत्या. ड्रायव्हर ट्रेंटनं गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला चाकं बदलायच्या जागी आणली, आम्ही भिंतीवरून उड्या टाकल्या. जुनं चाक काढलं, नवं चढवलं, पाची नट आवळले आणि गाडी सुटली. मी खूश होतो. मॅव्हिसनं घड्याळ बघून मान हलवली, आणि ती आमची मुख्य असल्यामुळे तिच्या मानेला शाबासकीची किंमत असते.

चार फेऱ्यांनी रेडिओवर ट्रेंट म्हणाला, "मागचं उजवं हलतंय."

मॅव्हिसनं विचारलं, नक्की का?

"माझ्या बुडाखाली हलतंय गं बाई. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

गाडी परत आली. नट फिरवायची गन लावली तर चार नट घट्ट होते आणि पाचवा अर्ध्या आट्यात निसटून माझ्या गुडघ्याशी पडला. पडला तो अशा बाजूनं, की मला सगळं दिसलं.

नवं चाक येतं तेव्हा त्याच्या भोकांवर नट आधीच डिंकानं चिकटवलेले असतात, म्हणजे आम्हाला फक्त गन दाबायची राहते. नटाची एक बाजू निमुळती असते, ती चाकाच्या भोकात बसते. दुसरी चपटी. पिवळा डिंक निमुळत्या बाजूला लागायला हवा. या नटाच्या चपट्या बाजूला डिंक होता. म्हणजे तो उलटा चिकटवलेला होता. असा नट आवळला तर जातो, पण बसत नाही.

मी तो उचलून खिशात टाकला आणि दुसरं चाक चढवलं. आम्ही दोन फेऱ्या मागे पडलो आणि चौदावे आलो.

नट चिकटवायचं काम मिस्टर लोवेल हफमनचं. मॅव्हिसचे वडील. एकेकाळी तेच या गाडीचे मुख्य होते. मी कोंबड्यांच्या कारखान्यात पिसं झाडत होतो तिथून त्यांनी मला उचललं, मागच्या अंगणात एका खांबावर चाक बसवून महिनाभर माझ्याकडून ते काढून-घालून घेतलं, आणि प्रत्येक चुकीला अशी शिवी हासडली की आजही गन हातात घेतली की कानात वाजते. आता ते शहात्तरचे. बायको गेली, गुडघे गेले, आणि सगळं काढून घेतल्यावर त्यांच्याकडे शुक्रवार उरला. शुक्रवारी ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात, समोर चाकं, शेजारी गोड चहाचा ग्लास, आणि सावकाश नट चिकटवतात. हे काम गेलं तर म्हातारा दिवाळं वाजलेल्या दुकानासारखा नुसता उघडा राहील, असं मला वाटलं. मला ते आवडतात, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आमच्याकडे नियम आहे. ज्याची चूक, त्यानं सोमवारी फळ्यावर स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहायचं आणि पुढची शर्यत भिंतीच्या अलीकडे बसून बघायची. मी ठरवलं, हात घसरला म्हणायचं, नाव लिहायचं, विषय मिटवायचा. एका शर्यतीनं मी काही मरत नाही. मोठा उदार वाटलो मी स्वतःला.

सोमवारी सकाळी गॅरेजमध्ये सगळे जमले. पावासारखी गरम बिस्किटं आली, वर ओतायला ग्रेव्ही आली. मिस्टर लोवेल त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत. मी कुणी काही विचारायच्या आत खडू घेतला आणि फळ्यावर 'रेबर्न सीक्रेस्ट' असं लिहून टाकलं.

"एवढी घाई?" मॅव्हिस म्हणाली. "बस. आधी पिक्चर बघू."

दर सोमवारी आम्ही पिटची फिल्म बघतो. भिंतीवर उंच काठीला कॅमेरा असतो. मला शहाण्याला हे माहीत होतं, पण उदारपणाच्या भरात मी ते साफ विसरलो होतो. पडद्यावर मी गुडघ्यावर बसलेला दिसलो. नट पडला. मी तो उचलला आणि खिशात टाकला. मॅव्हिसनं तिथेच फिल्म थांबवली.

पिटमध्ये पडलेला नट कुणी उचलत नाही. त्याला लाथ मारायची आणि पुढे व्हायचं. सेकंदाला जीव टाकणारा माणूस नट उचलायला थांबला, म्हणजे काहीतरी लपवायचं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं.

मी म्हणालो, सवय आहे, घरी पत्र्याच्या डब्यात जमवतो. ट्रेंट हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"रेबर्न," मिस्टर लोवेल म्हणाले, "दे इकडे."

"कशाला तुम्हाला, मिस्टर लोवेल? जाऊ द्या."

"दे म्हटलं ना."

नट अजून माझ्याजवळच होता. मी दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेलाच नाही. अंगठा फिरवला, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. वाळलेला डिंक त्यांच्या नखाला लागला.

"हा माझा आहे," ते म्हणाले.

मॅव्हिस खाली बघत होती. मुलगी म्हणून तिला काय वाटत होतं ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, पण मुख्य म्हणून तिला विचारणं भाग होतं. शेवटी हळूच म्हणाली, "डॅडी, कधीपासून?"

"एप्रिलपासून. उजव्या डोळ्यानं धुकं दिसतं. वाटलं, हाताला माहीत आहे, जमून जाईल."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, एका नटानं काय होतंय, मी नाव लिहिलंय, संपलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खांबावरच्या चाकाच्या दिवसांतली ती नजर मी विसरलो नव्हतो.

"तुला माझी कीव आली. ठीक आहे. कालच्यापैकी किती चाकं वापरायची राहिली?"

"बारा."

"बारा. तीही मीच केलीत, त्याच शुक्रवारी. ती तपासलीस?"

नव्हती तपासली. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मला वाचवायला निघालास आणि या पोराला विसरलास," ते ट्रेंटकडे बोट दाखवून म्हणाले. "येत्या रविवारी हाच बसणार होता त्यांच्यावर."

ट्रेंटच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं. माझे कान तापले. आयुष्यात मी इतक्या शिव्या खाल्ल्या, पण ही शिवी नव्हती आणि म्हणूनच लागली.

ते उठले. कुणी हात द्यायला गेलं नाही, त्यांना ते खपत नाही. फळ्याशी जाऊन त्यांनी माझं नाव तळहातानं पुसलं आणि खाली आपलं लिहिलं, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत. मग मॅव्हिसला म्हणाले, "शुक्रवारचं दुसऱ्या कुणाला दे. माझं झालं." तिनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती.

आम्ही बाराही चाकं रांगेत मांडली. मी एकेका नटावर अंगठा फिरवत निघालो. मिस्टर लोवेल खुर्ची ओढून जवळ येऊन बसले आणि मांडीवर डिंक खरवडायची पातळ सुरी ठेवली. पहिली पाच चाकं ठीक होती. सहाव्यावर, वरून दुसरा, अंगठ्याला चपटं लागायच्या जागी उतार लागला.

त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती, तरी बघितलं.

"इथे एक आहे, मिस्टर लोवेल," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

"काढ," ते म्हणाले, आणि सुरी माझ्या हातात दिली.