दहापासून मोजणारा टेप

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे; सुताराच्या खिशात असतो तो, मोजायचा. पाच मीटरची पिवळी पोलादी पट्टी, तिच्यावर काळे आकडे आणि ती गुंडाळून ठेवणारी पत्र्याची डबी, एवढाच माझा संसार. मला फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या गोष्टीत रडारड शोधायला जाऊ नका. मी आकडा दाखवतो आणि पुन्हा डबीत जातो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पट्टीवर आधी रंग चढला, मग आकडे उमटले, शेवटी टोकाला एक छोटा हूक बसवला गेला. हा हूक म्हणजे आमचं नाक. तो फळीच्या कडेला अडकवला की तिथून शून्य सुरू होतं. एका मिस्त्रीने मला दुकानातून उचललं, दोनदा ओढून सोडून पाहिलं आणि खिशात टाकलं. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी त्या खिशात राहिलो. दारं, खिडक्या, कपाटं, पाळणे, सगळं मोजलं. मिस्त्री अबोल माणूस होता. "सुंदर" हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, कपाट मस्त झालंय हं!" तर हा म्हणायचा, "दार बसतंय ना नीट? मग झालं."

मिस्त्री म्हातारा झाला आणि कारखाना पुतण्याला देऊन घरी बसला. त्याच सुमारास त्याच्या बायकोचे पाय गेले. एका आजारपणानंतर कमरेखालचं अंग लुळं पडलं आणि ती चाकाच्या खुर्चीत आली. तोंड मात्र होतं तसंच राहिलं. घरात बोलायचं काम पहिल्यापासून तिच्याकडेच होतं.

त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा मुलीने दोघांना जहाजाच्या सहलीला पाठवायचं ठरवलं. सात दिवस समुद्र. मुलगी हुशार, तिने आधी वेबसाइटवर लोकांचे अभिप्राय वाचले. एकाने लिहिलं होतं, "तरंगता राजवाडा!" दुसऱ्याने सूर्यास्तावर मोठा परिच्छेद लिहिला होता. सगळ्यांनी पाचपैकी पाच तारे दिले होते. मुलीने डोळे मिटून बुकिंग केलं.

केबिन खरोखर छान होती. खिडकीतून पाणी दिसत होतं, पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला होता. फक्त बाथरूमच्या दारातून खुर्ची आत जाईना. मिस्त्रीने सवयीने मला खिशातून काढलं. दार पंचावन्न सेंटिमीटर. खुर्ची एकसष्ट.

बायको हंसाकडे बघत म्हणाली, "राजवाडा आहे खरा, पण राणीला मोरी नाही!"

मिस्त्री हसला नाही. त्या सात दिवसांत तो तिला दर वेळी लिफ्टने दोन मजले वर, जेवणाच्या हॉलशेजारच्या मोठ्या बाथरूमपर्यंत नेत होता. तिथे रांग असायची. रुंद दाराच्या केबिन जहाजावर मोजक्याच होत्या आणि त्या कधीच्या भरलेल्या होत्या.

घरी आल्यावर बायकोने त्याला मुलीच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसवलं. "लिहा. सुंदर-बिंदर काही नको. दार किती ते लिहा."

मिस्त्रीने एका बोटाने लिहिलं: बाथरूमचं दार पंचावन्न. उंबरठा चार. पलंगाची उंची एकावन्न. लिफ्टचं दार ऐंशी. आमची खुर्ची एकसष्ट. आत जात नाही.

मित्रांनो, या सहा ओळींवर लोकांच्या उड्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तीस प्रश्न आले होते. बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का? जेवणाच्या हॉलपर्यंत किती पावलं? मधे पायऱ्या आहेत का? इंजिनाचा आवाज पलंगावर पडल्यावर येतो का? रात्री दिवा लावायचं बटण पलंगावरून हाताला लागतं का? एका बाईंनी विचारलं होतं, कपाटाचा दांडा किती उंचीवर आहे, माझा हात खांद्याच्या वर जात नाही. सूर्यास्ताबद्दल एकानेही विचारलं नाही. सूर्यास्त तिकडे होणारच, त्याची कोणाला काळजी नव्हती. लोकांना एवढंच हवं होतं की आपल्यासारख्या कुणीतरी आधी जाऊन बघावं आणि खरं काय ते सांगावं.

मग हे दोघं निघालेच. सहा वर्षांत नऊ जहाजं झाली. लोक त्यांना मिस्त्रीकाका आणि काकू म्हणू लागले. मी वाकायचो, ताणायचो, दाराच्या चौकटीत आडवा व्हायचो. मिस्त्री आकडा सांगायचा आणि काकू मांडीवरच्या वहीत लिहायची. शेवटी ती स्वतः खुर्ची दारातून आत-बाहेर करून बघायची. आकड्याला खुर्चीची साक्ष असायची. त्या काळात माझी फार वाहवा झाली. कुणीतरी माझा फोटोही मागितला होता.

तिसऱ्या जहाजावर माझं नाक गेलं. बाथरूमचं जड दार धाडकन माझ्यावर आपटलं, हूक तुटला आणि पुढची पट्टी चुरगळली. मिस्त्रीने कात्रीने तेवढा तुकडा कापून टाकला.

"अहो, नवा घ्या की एखादा," काकू म्हणाली.

"याच्यावर हात बसलाय. दहापासून मोजू."

टोक गेलेला टेप सुतार असाच वापरतात. दहाची रेघ कडेला लावायची आणि येईल त्या आकड्यातून दहा वजा करायचे. पद्धत साधी आहे, पण वजा करायची आठवण मी देऊ शकत नाही. ती काकू द्यायची. मिस्त्री आकडा सांगायचा, ती तो लिहायची आणि वर न बघताच विचारायची, "दहा काढले?" मग त्याखाली दुसरा, खरा आकडा लिहून पहिल्यावर काट मारायची. दर वेळी विचारायची. मिस्त्री वैतागायचा. "मी काय काल धंद्याला लागलोय?" ती म्हणायची, "नाही, पण विसराळू जन्मापासून आहात."

नवव्या जहाजानंतर पावसाळ्याआधी काकू आजारी पडली आणि एका मंगळवारी हॉस्पिटलमध्येच तिने डोळे मिटले. त्या दिवसाबद्दल मला काही सांगता येणार नाही, मला कोणी खिशातून बाहेर काढलं नाही. काही दिवसांनी खुर्ची कुणाला तरी देऊन टाकली. मिस्त्री रडला नाही. तो सकाळी उठायचा, चहा करायचा आणि तो गार झाला की बेसिनमध्ये ओतायचा. मुलगी रोज संध्याकाळी यायची आणि विचारायची, "बाबा, जेवलात का?" तो "हो" म्हणायचा. ती कोरडी भांडी बघायची आणि कुकर लावायची.

वेबसाइटवर लोक विचारत राहिले. "काकू कशा आहेत?" मिस्त्रीने एका बोटाने लिहिलं, "बरी आहे." पुढच्या महिन्यात कुणी विचारलं, पुन्हा तेच लिहिलं. मी टेबलावर शेजारीच पडलेलो असायचो. मला ते खोटंही वाटलं नाही आणि खरंही वाटलं नाही. आम्ही दोघंही त्या दिवसांत सारखेच झालो होतो.

त्यानंतर तो एकट्याने दोन जहाजांवर जाऊन आला. मुलगीच म्हणाली होती, जा, बरं वाटेल. बरं वाटलं असं काही दिसलं नाही. तो मोजायचा, वहीत लिहायचा, केबिनमध्ये येऊन खिडकीसमोर बसायचा. घरी येऊन अभिप्राय लिहायचा. त्यात "हिला पलंग जरा उंच वाटला" असंही एक वाक्य टाकायचा. लोकांना तशी सवय होती.

मग भूगोलाच्या एका बाईंचा निरोप आला. शाळेत शिकवायच्या. त्यांनी लिहिलं होतं: "काका, आयुष्यभर मी मुलांना समुद्र नकाशावर दाखवला. माझ्या आईने तो एकदाही पाहिलेला नाही. आता तिचं वय ब्याऐंशी आहे आणि डॉक्टर म्हणतात, न्यायचं तर याच वर्षी न्या. रुंद दाराच्या केबिन भरल्यात. साध्या केबिनमध्ये आईची खुर्ची बाथरूममध्ये जाईल का, हे कंपनीचा माणूस नीट सांगत नाही. खुर्ची त्रेसष्ट आहे. तुम्ही त्या जहाजावर जाणार असलात तर दार मोजाल का?"

मिस्त्री त्या जहाजावर जाणार नव्हता. बाईंसाठी गेला. कुणीतरी काम सांगितलं की त्याचे पाय आपोआप चालायचे.

तो क्षण मला चांगला आठवतो, कारण त्यात काहीच घडलं नाही. दुपार होती. मिस्त्रीने माझी दहाची रेघ चौकटीच्या एका कडेला लावली आणि मला दुसऱ्या कडेपर्यंत ओढलं. छप्पन्न सेंटिमीटरचं दार. माझ्यावर आकडा आला सहासष्ट. त्याने वही उघडली आणि सहासष्ट लिहिलं. मग पेन तसंच हातात धरून तो थोडा वेळ उभा राहिला, कशाची तरी वाट बघत असल्यासारखा. केबिनमध्ये कोणी बोललं नाही. त्याने वही मिटली. मी मूग गिळून डबीत गेलो. मला दुसरं काय येतं?

घरी येऊन त्याने लिहिलं: बाथरूमचं दार सहासष्ट. त्रेसष्टची खुर्ची आत जाईल.

बाईंनी आभार मानले. काकूंनाही नमस्कार सांगा म्हणाल्या.

दोन महिन्यांनी त्यांचा निरोप आला तो थेट जहाजावरून. मुलगी तेव्हा घरीच होती. मिस्त्रीचा चष्मा सापडेना म्हणून तिनेच वाचून दाखवला. "काका, दार छप्पन्न आहे. माझ्या पिशवीत शाळेतली पट्टी होती, त्या पट्टीने तीनदा मोजलं. आज तिसरा दिवस आहे. वरच्या मजल्यावर न्यावं लागू नये म्हणून आई पाणी पीत नाही. समुद्र बघ म्हटलं तर म्हणते, पाणी बघितलं की तहान लागते. तुम्ही खरंच मोजलं होतंत ना?"

मुलीने लॅपटॉप खाली ठेवला.

"बाबा, काढून टाकूया तो रिव्ह्यू. लिहिताना पाचाच्या जागी चुकून सहा पडला, असं म्हणा. होतं असं."

मिस्त्रीने वही आणायला सांगितली. ती टेबलावर उघडली. आधीच्या पानांवर काकूचं अक्षर होतं. प्रत्येक दारापुढे दोन आकडे, वरच्यावर काट. मग ते अक्षर संपलं आणि मिस्त्रीचं सुरू झालं. तिथे प्रत्येक दारापुढे एकच आकडा होता. त्याने तीन जहाजांची पानं पुन्हा पुन्हा उलटली. आधीच्या दोन जहाजांवर त्याने दहा मनात वजा करून लिहिले होते की तसेच लिहिले होते, हे त्याला आठवेना. मला आठवत होतं. ते आकडे बरोबर होते. त्यातलं एक दार तर चांगलं सत्तर सेंटिमीटरचं होतं, कुणाच्याही आईची खुर्ची सहज आत गेली असती. पण मला विचारायचं कुणाला सुचणार, आणि सुचलं असतं तरी मी सांगणार कसं?

"चुकून नाही पडला," मिस्त्री म्हणाला. "तू लिही. मी सांगतो."

मुलगी लिहू लागली. तो खिडकीकडे बघत एकेक वाक्य सांगत होता. बाईंची माफी आधी मागितली. आईला वरच्या बाथरूमला नेताना कोणत्या लिफ्टला गर्दी कमी असते, ते सांगितलं. रोज सकाळी सात वाजता तिथे रांग नसते, हेही सांगितलं. मग म्हणाला, "आता सगळ्यांसाठी लिही. तिन्ही जहाजांच्या खाली." आणि थांबला.

"लिही. या तीन जहाजांच्या मापांवर विसंबू नका. माझी बायको दोन वर्षांपूर्वी वारली. ही मापं मी एकट्याने घेतली आहेत. पलंग उंच वाटला हेही मीच लिहिलंय, तिने नाही."

मुलीची बोटं थांबली. मग तिने ते लिहिलं.

"वाचून दाखव."

तिने वाचलं.

"पुन्हा एकदा."

तिने पुन्हा वाचलं. बायको वारली या वाक्याला ती अडखळली. मिस्त्रीने टेबलाची कड धरली, सुतार फळी धरतो तशी दोन्ही हातांनी, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तो रडला. बराच वेळ रडला. मुलीने त्याला थांबवलं नाही.

त्या निरोपाखाली शेकडो लोकांनी सांत्वन केलं. भूगोलाच्या बाईंचं त्यात काही नव्हतं. पुढेही आलं नाही. त्यांच्या आईने नंतर पाणी प्यायलं का, समुद्र बघितला का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. मिस्त्री रोज सकाळी लॅपटॉप उघडून बघतो आणि मिटतो. मी आता खणात असतो, खिळ्यांच्या डब्याशेजारी. गंज चढू लागलाय.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा असं मी म्हणणार नाही. माझं काय, आज आहे उद्या भंगारात. पण तुमच्या शब्दावर विसंबून जर कुणी आपली आई घेऊन घराबाहेर पडणार असेल, तर तो शब्द देण्याआधी दुसऱ्या माणसाला दाखवा. आणि घरातलं माणूस गेलं असेल तर गेलं म्हणून सांगा. बरी आहे, बरी आहे म्हणत आत दाबून ठेवलेलं दुःख कुठेतरी बाहेर पडतंच. आमच्या मिस्त्रीचं पडलं ते एका अनोळखी म्हातारीच्या बाथरूमच्या दारात, आणि तिची वाट त्याने अडवली.