काजळ्याचे कान

दुपारी सव्वादोन वाजता सासूबाईंनी शाईच्या बाटलीला बूच लावलं, हात पुसले आणि जाहीर केलं, "मी नाही मारणार त्याला."

सून पलीकडच्या टेबलाशी बसून चित्रकथेच्या शेवटच्या पानाचे संवाद तपासत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुम्ही कुठे मारताय, आई? उल्काधर मारतोय."

"आणि उल्काधरचा हात कोण काढतं?"

उल्काधरचा हात सासूबाईच काढत. स्वतःचा डावा हात कागदाशेजारी हवा तसा धरायचा आणि उजव्यानं तो उतरवायचा, ही त्यांची पहिल्या अंकापासूनची रीत. तेव्हा कथा सासरे लिहीत. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि दैनिकात बातम्या लिहिणारी सून उल्काधर लिहू लागली. चित्रं जिथल्या तिथेच राहिली, खिडकीजवळच्या उतरत्या टेबलावर.

छापखान्याचा माणूस चार वाजता पान न्यायला येणार होता. वरच्या सगळ्या चौकटी शाई फिरून तयार होत्या. तळाची रुंद चौकट तेवढी पेन्सिलीतच होती. तिच्यात पुलाच्या कठड्यावरून लोंबकळणारा खलनायक काजळ्या होता, वर बुरखाधारी उल्काधर होता, आणि दोघांच्या हातांच्या जागी कोरा कागद होता. सुनेनं लिहिल्याप्रमाणे तिथे उल्काधरनं काजळ्याचा हात सोडायचा होता.

संपादकांनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं, "या अंकात काजळ्या गेला पाहिजे. पोरंटोरं उल्काधरला हसायला लागली आहेत. आईंना जमत नसेल तर तसं सांगा, इथे संगणकावर काढणारी एक मुलगी आहे. पण मग पुढचे अंकही तीच काढेल. अर्धं तिथे, अर्धं इथे चालायचं नाही."

सुनेनं हे सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं होतं. पदरचं घालायचं नाही आणि गाळायचंही नाही, ही तिची जुनी सवय. ऐकून सासूबाई "हं" म्हणाल्या होत्या आणि कामाला लागल्या होत्या. सुनेला वाटलं होतं, निभावलं.

"माणूस बदलतो, आई," ती आता उठून कपाटाशी गेली. "उल्काधर काय कमी बदललाय?" तिनं जुन्या अंकांचा एक बांधीव गठ्ठा काढला आणि टेबलावर उघडला. "हे बघा. पहिल्या वर्षी हा सिगारेट ओढायचा."

"तेव्हा सगळेच ओढायचे."

"कधी सोडली?"

"मला धुराची वेटोळी काढायचा कंटाळा आला तेव्हा."

"बरं. इथे खिसेकापूला दिव्याच्या खांबाला उलटा टांगलाय. ना चौकशी, ना काही. आणि हे तर कहरच. नवऱ्याशी भांडून निघालेल्या बाईला बखोटीला धरून आकाशमार्गे सासरी पोचवलंय. वर ऐकवतोय, 'ताई, स्त्रीची शोभा घरात.' आज छापा बरं हे. कार्यालयाची एक काच शाबूत राहायची नाही."

"ते ह्यांनी लिहिलं होतं."

"चित्र तुम्ही काढलंत."

"म्हणून तर बाईचं तोंड बघ कसं काढलंय."

सुनेनं पान डोळ्यांजवळ नेलं. ढगांतून चाललेली ती बाई उल्काधरकडे अशी बघत होती, की खाली उतरताच त्याला फाडून खाईल. सून खो खो हसली. सासूबाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या हनुवटीला खळी पडली.

काजळ्या आला त्यानंतर. काळी टोपी, काळा डगला, शहरभर काळोख पसरवणारी बाटली. तेव्हाही तो असाच एका पुलावरून पडत होता आणि मारझोडीसाठी प्रसिद्ध असलेल्या उल्काधरनं एकाएकी त्याचा हात धरला होता. "हात धरायला असतो. सोडायला नाही," असं म्हणाला होता. ते वाक्य पुढे शाळांच्या भिंतींवर गेलं. सासऱ्यांना त्या एका वाक्यावर भाषणाची बोलावणी येत राहिली. उल्काधरनं त्यानंतर कुणालाच मारलं नाही.

"आणि काजळ्या दर वेळी तुरुंगातून पळतो," सून म्हणाली. तिचा आवाज आता हसरा नव्हता. "मागच्या वर्षी धरण फोडलं त्यानं. त्यात वाहून गेलेली माणसं मीच लिहिली, म्हणून मला ठाऊक आहेत. उल्काधरचे हात स्वच्छ राहावेत म्हणून किती जणांनी बुडायचं?"

"तुझं बरोबर आहे."

"मग?"

"बरोबर आहे म्हणाले ना. पण माझ्यानं होत नाही."

सुनेनं खुर्ची ओढली आणि सासूबाईंच्या शेजारी बसली. पेन्सिलीच्या चित्राकडे तिनं इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तिच्यापर्यंत पान यायचं ते संवाद जुळवायला, आणि तिची नजर शब्दांवरच असायची. आता शब्द नव्हते. टोपीखालून दोन्ही बाजूंना मोठाले कान बाहेर आले होते. डावी भुवई मधोमध तुटलेली होती.

तेवढ्यात सासरे चहाचा ट्रे घेऊन आत आले. ट्रे कुठे ठेवावा म्हणून त्यांनी भुवया उंचावल्या. डावी मधोमध तुटलेली होती.

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. सासूबाई खोडरबराचा भुगा फुंकरण्यात गढून गेल्या होत्या.

"साखर घातली आहे," सासरे म्हणाले. "भांडणात कमी पडू नये म्हणून." आणि बिस्किटं आणायला आत गेले.

"आई!"

"हळू."

"आई, हे बाबा आहेत."

"हळू बोल गं बाई." सासूबाईंचे कान लाल झाले होते. "नवं नवं लग्न होतं. माझं रात्रंदिवस खपून काढलेलं पान यांनी बघितलं आणि म्हणाले, 'चित्रानं शब्दांच्या मागून चालावं.' मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी नवा खलनायक काढायचा होता."

"आणि काढलात!"

"काढला. मस्त काढला. दोन अंक नुसती मजा. आणि तिसऱ्यात ह्यांनी लिहून दिलं, काजळ्या पुलावरून पडतो, संपतो. तोवर आमचं भांडण मिटलं होतं." त्यांनी कप उचलला, तोंडाला न लावताच खाली ठेवला. "पेन्सिल टेकवली आणि हात काही सुटेना. धरलेलाच काढला. हे म्हणाले, 'हे काय?' मी म्हटलं, 'हात असाच आला.' मग हे बराच वेळ बसले आणि ते वाक्य लिहिलं."

"शाळांच्या भिंतीवरचं."

"तेच."

किती पिढ्यांनी ते वाक्य पाठ केलं असेल. काजळ्या इतक्या वर्षांत म्हातारा झाला नव्हता, बाबा झाले होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसावं. कान मात्र दोघांचेही तसेच होते.

"बाबांना माहीत आहे?"

"छे! त्यांचं कधी चित्राकडे लक्ष असतं?"

सासरे बिस्किटांची बशी घेऊन आले आणि पानावर वाकले. "या वेळी गेला म्हणायचा का?"

"बाबा," सून म्हणाली. टेबलाखालून सासूबाईंनी तिच्या पायावर पाय दिला. "हा काजळ्या कुणासारखा दिसतो हो?"

सासऱ्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "रोज सकाळी दाढी करताना भेटतो की."

सासूबाईंनी सुनेच्या पायावरचा पाय काढून घेतला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" सासूबाई म्हणाल्या.

"अगं, कान तरी बदलायचेस."

"कधीपासून?"

"काजळ्याच्या पहिल्याच अंकापासून. म्हणून तर पुलावर नेला त्याला." त्यांनी भिजलेलं बिस्कीट घाईघाईनं तोंडात टाकलं. "म्हटलं बघू, सोडतेस का."

सासूबाईंनी खोडरबर उचलून त्यांच्या दिशेनं भिरकावला. तो कपाटाला लागला. सासरे खाली वाकून तो शोधू लागले आणि वाकल्यावाकल्या हसू लागले. मग सासूबाईही हसल्या, डोळे पुसत, इतक्या वर्षांचं हसू एकदम आल्यासारख्या.

सून आपल्या टेबलाशी परत गेली होती. तिनं शेवटचा संवाद खोडला. धरण तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं, ते जाणारही नव्हतं. पण या पुलावर आणखी कुणीतरी घसरू शकतं, हे तिला आत्ता दिसलं होतं.

"आई, कठडा तसाच ठेवा. माणसं बदला. वर काजळ्या, खाली उल्काधर. पाय उल्काधरचा घसरलाय."

सासूबाईंनी पानाकडे पाहिलं. "आणि काजळ्या?"

"त्यानं हात धरलाय. का धरला, ते त्यालाच कळत नाहीये."

"संपादक?"

"त्यांच्याशी मी बोलते."

साडेतीनपर्यंत नवी चौकट पेन्सिलीत उभी राहिली. हातांपाशी येऊन सासूबाई थबकल्या. वरून धरणारा हात त्यांच्याजवळ नव्हता.

"अहो, हात द्या इकडे. डावा. असा नाही, घट्ट. पडतेय मी."

सासऱ्यांनी घट्ट धरला. सासूबाई उजव्या हातानं काढत राहिल्या. सुनेनं एक पेन्सिल सासऱ्यांच्या मोकळ्या उजव्या हातात दिली आणि काजळ्याच्या डोक्यावरच्या, संवादाच्या रिकाम्या फुग्यावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही लिहायचं, बाबा."

"मी निवृत्त आहे."

"काजळ्या नाहीये."

तिनं संपादकांना फोन केला आणि काय घडलं ते दोन वाक्यांत सांगितलं. मग संपादक म्हणाले, "पान पाहिल्याशिवाय काही बोलत नाही. तोवर त्या संगणकावरच्या मुलीला थांबवून ठेवतोय." आणि फोन ठेवला.

चार वाजून गेले होते. छापखान्याचा माणूस हेल्मेट मांडीवर घेऊन दाराशी बसला होता आणि उरलेली बिस्किटं खात होता. चौकटीत शाई भरून झाली होती, वाळतही आली होती. सासूबाईंचा डावा हात अजून सासऱ्यांच्या हातात होता. सासरे पेन्सिलीचं टोक चावत कागदाकडे बघत होते.

फुगा रिकामा होता.