ताब्याचा रकाना

नगरच्या कोर्टातल्या मध्यस्थी केंद्रात मी टंकलेखक आहे. बोर्डावर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण तारखेला येणारा माणूस अजूनही ‘नगरला जाऊन येतो’ असंच सांगून घर सोडतो. लोकांना वाटतं, इथे फक्त मोडलेले संसार जोडतात. नीट मोडून देणं हेही इथलंच काम. ते जोडण्यापेक्षा अवघड, आणि आमच्या केंद्राला ते येतं, हे मी जरा मान ताठ करूनच सांगतो.

टंकलेखकाने बैठकीत बोलायचं नसतं, म्हणून मी मोजतो. सोनईच्या प्रकरणात तीन बैठकांचा हिशेब असा होता: बन्सीआबा अखंड बोलले. त्यांची सून ज्ञानेश्वरी कामापुरतं बोलली. आणि आबांचा मुलगा आदिनाथ, म्हणजे ज्याचा घटस्फोट चालला होता तो, एकूण अकरा शब्द बोलला. त्यातले नऊ म्हणजे तीन वेळा ‘आबा म्हणतील तसं’. उरलेले दोन ‘व्हय’ आणि ‘पानी’.

घटस्फोट दोघांच्या राजीखुशीचा होता. दागिने परत गेले होते, भांडी वाटून झाली होती. अडलं होतं एका राजनंदिनीवर. वय नऊ, इयत्ता चौथी. चौदा महिन्यांपूर्वी ज्ञानेश्वरी कोपरगावला गेली आणि रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला लागली. पोरगी शाळेसाठी सोनईला राहिली. तेव्हापासून दर शनिवारी ज्ञानेश्वरी एसटीने सोनईला यायची, अंगणात दोन तास लेकीजवळ बसायची आणि परत जायची. तिचं मागणं एकच होतं: आठवड्यातून दोन रात्री पोरगी माझ्या कुशीत झोपू द्या.

आबांचं उत्तरही एकच. “दिवसा खुशाल भेट. रातचा मुक्काम न्हाई.”

चौथी बैठक शेवटची. तिच्यातही जमलं नाही, तर ‘मध्यस्थी अयशस्वी’ असा कागद जजसाहेबांकडे जाणार, पुरावे सुरू होणार, आणि एक दिवस राजनंदिनीला चेंबरमध्ये बोलावून विचारणार की बाळ, तुला कुणाकडे राहायचंय. ज्ञानेश्वरीला भीती त्या प्रश्नाची होती. “तिनं माझं नाव घेतलं तर सोनईत तोंड चोरील, न्हाई घेतलं तर माझ्यापाशी चोरील,” ती म्हणाली होती.

आमच्या मध्यस्थ ॲडव्होकेट मुक्ताबाई. तीस वर्षं वकिली केलेल्या, आवाज कधी चढत नाही, आणि चहा थंड झाल्याशिवाय पीत नाहीत. त्या दिवशी बैठकीआधी अर्धा तास त्या मुलांच्या खोलीत राजनंदिनीजवळ बसून आल्या होत्या.

आबा रेक्झिनची पिशवी घेऊन आले. ती टेबलावर रिकामी केली तेव्हा मला टायपिंग थांबवावं लागलं. रेशनकार्ड. शाळेचा दाखला. गावातल्या पाच जणांच्या सह्यांचा पंचनामा: ‘सदर मुलगी आजतागायत अर्जदाराचे घरी अखंड वास्तव्यास आहे.’ आणि चौदा फोटो. प्रत्येकात राजनंदिनी त्या-त्या महिन्याचं वर्तमानपत्र छातीशी धरून उभी. पहिल्यात हसतेय, पुढे पुढे हसू कमी, उंची जास्त.

“आबा, हे काय?” मुक्ताबाईंनी विचारलं.

“वहिवाट,” आबा म्हणाले. “मॅडम, मी बांधाची केस अकरा वर्षं लढलोय. सवा गुंठ्याची. ह्याच कोर्टात जिंकली. वकिलांनी तवा एकच सांगितलं हुतं, आबा, ताबा सोडू नका. एक दिस जरी ताबा सुटला तरी समोरचा नांगर घालतो. मग ही गेली त्याच महिन्यात तुमची नोटीस आली, ती वाचली. तिच्यात काय लिवलंय? अपत्याचा ताबा.”

नोटिशीचा नमुना माझ्याच कॉम्प्युटरमधला. नोकरीच्या नऊ वर्षांत तो शब्द मी किती वेळा उमटवला असेल, याची मोजदाद मात्र माझ्याकडे नव्हती.

“म्हणून मुक्काम नाही?” मुक्ताबाई म्हणाल्या.

“मग? एक रात कोपरगावला झोपली म्हंजी ताबा गेला की.”

ज्ञानेश्वरी आबांकडे बघतच राहिली. चौदा महिने ज्याला ती दुष्टपणा समजत होती, ती नुसती कोर्टकचेरीची हुशारी निघाली.

“आबा, इथं वहिवाट चालत नाही,” मुक्ताबाई म्हणाल्या. “पोरगी दोन रात्री आईकडे राहिली म्हणून बापाचा हक्क बुडत नाही. इथं एकच बघतात, तिचं बरं कशात आहे. मी मघाशी तिला कुणाकडे राहायचं ते विचारलं नाही. आठवडा कसा जातो, एवढंच विचारलं. त्यातलं एक तुम्हाला सांगू का, असं तिलाच विचारलं. सांगा म्हणाली.”

“काय म्हनली?”

“आई येऊन गेली की शनिवारी आबा दारात आडवी खाट टाकून झोपतात. मला पाण्याला उठायचं असलं तरी मी उठत नाही. आबांना वाटेल, मी पळून चालले.”

आबांनी फोटो गोळा करायला घेतले. फोटो काही एकसारखे होईनात.

“तो बांधावरचा शेजारी,” मुक्ताबाईंनी हळूच विचारलं, “निकालानंतर बोलतो का तुमच्याशी?”

“न्हाई. वारला. शेवटपत्तोर न्हाई बोलला.”

मग पुन्हा त्यांच्यातला जुना पक्षकार उसळला. “ते जाऊ द्या. लेखी कोन देनार? उद्या हिनं पोरगी धाडलीच न्हाई तर?”

“कोर्टाचा हुकूमच लेखी असतो, आबा. तो दोघांवर चालतो.”

“तरी मी म्हनतो—”

“आबा, थांबा,” आदिनाथ म्हणाला.

मी हिशेबाच्या कागदावर बारावा आणि तेरावा शब्द मांडला. त्यापुढे मोजणं जमलं नाही.

“पोरगी माझी हाय. ज्ञानेश्वरीची हाय. बांध तुमचा हुता, तुमी लढला. हितं सही मला करायची हाय.” तो पहिल्यांदाच ज्ञानेश्वरीकडे वळला. “शुक्रवारी शाळा सुटली की ने. रविवारी दिवस मावळायच्या आत मी न्यायला येतो. उन्हाळ्याची सुट्टी निम्मी निम्मी. पाचवीला कुठल्या शाळेत घालायचं, ते पुढच्या मे महिन्यात आपन दोघं बसून ठरवू. आपल्याला एकमेकांसंगं राहता आलं न्हाई, पर बसता येईल की.”

“येईल,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “तिला बरं नसलं तर वार नाही बघायचा. ती ज्याला बोलावील त्यानं तिच्यापाशी जायचं. तेही घाला.”

“घाला,” आदिनाथ म्हणाला.

मी टाइप करायला लागलो. नमुन्यात तिसऱ्या कलमाशी रकाना आला: ‘अपत्याचा ताबा कोणाकडे’. मी मुक्ताबाईंकडे पाहिलं.

“खोडा तो शब्द,” त्या म्हणाल्या. “मुक्काम लिहा. सोनईचा मुक्काम, कोपरगावचा मुक्काम.”

खोडला. सरकारी नमुन्यातला शब्द वरच्या परवानगीशिवाय खोडण्याची माझी ती पहिलीच वेळ, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. दुपारी जजसाहेबांनी तडजोडपत्र वाचलं, तिसऱ्या कलमाशी थांबले, चष्म्यावरून मुक्ताबाईंकडे पाहिलं. “ताबा कोणाकडेच नाही?”

“नाही, सर. पोरगी दोघांकडे आहे.”

जजसाहेबांनी दोघांना एकेकदा विचारलं, समजून-उमजून केलंय ना. दोघं ‘हो’ म्हणाले. राजनंदिनीला तो प्रश्न कुणीच विचारला नाही; ती मुलांच्या खोलीत खडूंनी चित्र रंगवत बसली होती. हुकूम झाला.

सह्या झाल्या तरी आबा उठेनात. “माझी कुठं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही पक्षकार नाही, आबा,” मुक्ताबाई म्हणाल्या. “साक्षीदार म्हणून करता का?”

अकरा वर्षं अर्जदार म्हणून सही केलेल्या माणसाला ही बढती की बदली, ते ठरवायला जरा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा पुसला आणि ‘साक्षीदार’च्या पुढे असं ठसठशीत नाव काढलं, की शिक्का मारायला मला जागा शोधावी लागली.

बाहेर व्हरांड्यात राजनंदिनी दोघांच्या मधे उभी होती. आबांनी पिशवी खांद्याला लावली आणि ज्ञानेश्वरीला दटावलं.

“शुक्रवारी येशील तवा खिडकीपाशी बसव तिला. गाडी लागती तिला.”

“ठाऊक हाय, आबा,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “मलाही लागते. माझ्यावरच गेलीय ती.”

आबा हसले. “मग दोन खिडक्या धर.”