व्यंकोजीरावांनी न घेतलेली भेट

मित्रांनो, बंगलोरमधल्या बनशंकरीच्या सरकारी शिवणवर्गात खिडकीजवळ उभे असलेले जुने शिवणयंत्र म्हणजे मी. माझा जन्म परदेशातला. काळ्याभोर अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती आणि चाक कसे हलके फिरायचे!

१९५८ साली त्या देशाच्या सरकारचे पथक बंगलोरला वीजखात्याचे काम पाहायला आले. इंजिनियर व्यंकोजीरावांनी त्यांना सगळे हिंडून दाखवले. जाताना पाहुण्यांनी मला त्यांच्या घरी पाठवले, त्यांच्या पत्नी सकवारबाईंसाठी.

सकवारबाई घरातले सगळे कपडे हातानेच शिवत. माझ्यावरून हात फिरवताना त्यांचा चेहरा उजळला. संध्याकाळी व्यंकोजीराव आले आणि दारातच थबकले. घटनेप्रमाणे सरकारी पदावरच्या माणसाला राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय परक्या सरकारची भेट घेता येत नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

"पण दिलंय मला. पदावर तुम्ही आहात, मी नाही," सकवारबाई म्हणाल्या.

"मी पदावर नसतो, तर तुझं नाव त्यांना कुणी सांगितलं असतं?"

 मग राष्ट्रपतींची संमती मागा, असे सकवारबाईंनी सुचवले.

"मागता येईल. पण वीजखात्यासाठी पाहुण्यांच्याच देशाची यंत्रं घ्यायची की नाही, यावर मला मत द्यायचंय. ही भेट घरात ठेवून कसं देऊ?"

सकवारबाईंना वाईट वाटले. तरी त्या म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. सरकारजमा करा. पण कोठीत गंजायला नको, कुठंतरी कामाला लागू दे."

वरिष्ठांनी ते मान्य केले आणि मी या वर्गात आले. काही दिवसांनी दारात सकवारबाई उभ्या! घरी त्या सांगून आल्या होत्या, "वर्गात शिकायला तर कायद्याची आडकाठी नाही ना?" सगळ्यांसारखी फी भरून, आपली पाळी येईपर्यंत थांबून त्या माझ्यावर शिवण शिकल्या.

पुढे व्यंकोजीरावांनी त्याच देशाच्या यंत्रांची शिफारस केली, कारण ती खरोखरच सरस होती. त्यांच्याकडे बोट दाखवायला कुणालाही जागा नव्हती.

आता माझी वेलबुट्टी पुसली आहे आणि पायाने दाबायचा पायटा कुरकुरतो. मित्रांनो, सरकारी वस्तू म्हणजे कुणाचीच नाही, असे समजून मला धुळीत टाकू नका. स्वल्प तेल घाला, पट्टा बदला. माझ्यापुढे बसायला अजून कितीतरी जणी रांगेत आहेत.