मुखरूभाऊनं दिलेला आराम

दोन हजार नऊची गोष्ट. चंद्रपूरच्या आमच्या ऑफिसात दोन सर्व्हर होते. एकेकाच्या पोटात धा-धा बिनशरीराचे, म्हंजे नुसते सॉफ्टवेअरचे, सर्व्हर चालत. सगळ्यायच्या फायली एका डिस्कच्या कपाटात. तिथपर्यंत जायले दोन रस्ते, दोन्हीवर एकेक स्विचचा डबा. एक रस्ता बंद पडला तं दुसऱ्यानं काम चालावं, म्हणून दोन.

अन् माहं डोस्कं पार आउट झालं होतं. एक सर्व्हर म्हणे वरचा रस्ता मेला, दुसरा म्हणे जिवंत हाये. डबे पाहावं तं दिवे हिरवेगार. दुसऱ्या दिवशी खालचा मेलेला. आठ दिवसांत मी सगळे केबल बदलवले. अमरसाहेबांनी सांगून टाकलं, "शमीमबाई, सोमवारपर्यंत सापडलं नाही तर तुमचं कंत्राट वाढणार नाही." ईद तोंडावर, अन् हे असं. रडूच आलं मले.

रमजान होता, म्हणून जेवाच्या सुट्टीत मी हॉलमधी पडत जाय. त्या दिवशी तिथला पंखा बिघडला, तं सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसली. दोन वाजता शिपाई मुखरूभाऊ चपला बाहेर काढून आला, अन् वरच्या डब्याचं बटन बंद करून निवांत बसला.

"भाऊ, हे काय करून राह्यले?"

"काल खालच्याची पाळी होती, आज याची," तो म्हणे. "पोळ्याले बैलायले आराम देल्ला, तवा याद आलं, हे बिचारे तं रातदिवस जुपलेले. दोघायले संगच सोडलं तं काम अडन, म्हणून एकेक."

तीन वाजता तो बटन चालू करून जाय. एका सर्व्हरले रस्ता आला हे लगेच समजे, दुसरा 'रस्ता मेला' हे जुनंच धरून बसे. खरं सांगतलं तं भाऊची नोकरी जाते, नाई सांगतलं तं माही.

सोमवारी मी साहेबाले ठासून सांगतलं, "बिघाड नाई साहेब, रोजची चाचणी हाये. मुखरूभाऊ एक रस्ता बंद करते, दुसरा भार झेलते का पाहाले. आठ दिवसांत एकबी काम अडलं नाई."

साहेब खूश झाले. मंग भुवया चढवून म्हणाले, "मग आठ दिवस तुम्ही काय शोधत होत्या?"



चहा ठेवता ठेवता मुखरूभाऊ म्हणे, "मलेच तपासून राह्यल्या होत्या साहेब. मी कोण्या दिवशी खाडा करतो का म्हणून."

साहेबानं माह्या कंत्राटाचा कागद ओढला अन् सही केली. मी भाऊकडे पाह्यलंच नाई, हासू फुटलं असतं.