तेंगहायच्या कोऱ्या ओळी

मित्रांनो, मी एक जुना एडिटर आहे. संगणकात नुसता मजकूर लिहिण्याचा साधा प्रोग्रॅम. मला रंग येत नाहीत, चित्रे तर नाहीतच. तैवानमध्ये युनलिनला एका बाहुलीवाल्याच्या घराच्या माडीवर जो संगणक आहे, त्यात माझे बिऱ्हाड. त्याचा पंखा म्हाताऱ्यासारखा खोकतो.

मला कुण्या हौशी माणसाने फावल्या वेळात घडवले आणि लोकांना फुकट वाटून टाकले. तसाच मी तेंगहाय मास्तरांकडे आलो. मास्तर हातबाहुल्यांचे नाटक करत. राजा, चोर, म्हातारी, सगळ्यांचे आवाज त्यांचेच. बाहुल्या दोन्ही हातांत नाचायच्या आणि नाटके माझ्यात लिहिली जायची, एकेक अक्षर शोधत. मध्येच ते एखादी ओळ कोरी सोडत. कोरी ओळ म्हणजे तोंड बंद, आता हात बोलेल. मी त्या ओळी जशाच्या तशा जपायचो.

"हा गडी बरा आहे," मास्तर म्हणायचे. "दिलं तेवढंच ठेवतो. उगाच शहाणपणा करत नाही."

माझ्या आयुष्यात मला मिळालेले हे एकच बक्षीस. पण मास्तर संशयी होते. दुसरी प्रत केली की नाटक उद्या दुसऱ्या मंडळीच्या मंचावर नाचणार, असे त्यांना वाटे. म्हणून प्रत्येक नाटक एकदाच ठेवलेले, तेही गळ्यातल्या पेनड्राइव्हवर.

मग त्यांना झटका आला. वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. मुलगी लीचू ताइचुंगची नोकरी सोडून घरी आली. समुद्राची देवी माझू, तिची जत्रा तोंडावर होती आणि देवळाला दरवर्षीसारखे 'नावाड्याची आई' हे नाटक हवे होते. ते झाले नाही, तर वाडवडिलांपासूनचा मंच दुसऱ्या मंडळीला जाणार होता.

लीचूने पेनड्राइव्ह आपल्या नव्या संगणकाला लावून ते नाटक उघडले. तो संगणक वेगळ्या जातीचा, त्यातला एडिटरही वेगळा, मोठा झगमगीत. मी अक्षरे आमच्याकडच्या जुन्या पद्धतीने साठवायचो आणि त्याला फक्त नवी पद्धत ठाऊक होती. निदान विचारायचे तरी! त्याने भलतेच वाचले, पडदाभर कचरा मांडला आणि क्षणात तोच आपणहून जतनही केला. लीचू धावत माडीवर आली. मी फाइल उघडली, तर ओळीमागून ओळी नुसती प्रश्नचिन्हे. मित्रांनो, मला रडता येत नाही, नाहीतर तेव्हा रडलो असतो.

"काका, दुसरी प्रत असेल ना कुठेतरी?" तिने विचारले.

"तुझ्या बापाकडे? दुसरी प्रत?" मंडळीतले जुने ढोलवाले खिमकाका म्हणाले. "अगं, तो स्वतःच्या सावलीलासुद्धा नाटक वाचून दाखवायचा नाही!"

लीचूने आधी बाकीच्या नाटकांच्या प्रती केल्या. माझा म्हातारा संगणक किती दिवसांचा सोबती, म्हणून मग एकेक नवा एडिटर आणून त्यात प्रत उघडायची, जतन करायची आणि माझ्याकडे परत आणून तपासायची, असा सपाटा लावला.

"स्थळं बघतेस की काय गं?" खिमकाका म्हणाले. "याचं नाक नको, त्याचा रंग नको!"

"रंग कोण बघतंय, काका! घेतलं ते तसंच परत देतो का, एवढंच बघतेय."

एकाने ओळ संपल्याची खूणच बदलली. माझ्यात अख्खे नाटक एका लांबलचक ओळीत आले, राजा आणि चोर एकाच श्वासात. दुसऱ्याला स्वच्छतेचे भारी वेड.

"अहो काका, अप्पांच्या गप्प बसायच्या जागाच झाडून टाकल्या याने!"

शेवटी एक माझ्यासारखाच साधा सापडला. कोणत्या पद्धतीचा मजकूर आहे ते तो आधी सांगे, समजले नाही तर विचारे, ओळींच्या खुणांना हात लावत नसे. तिने तो ठेवला. खरे सांगतो, मला जरा हेवा वाटला.

पण 'नावाड्याची आई' गेले ते गेलेच. एका दुपारी लीचूने मास्तरांना, तिच्या अप्पांना, माझ्यासमोर बसवले आणि त्यांच्या डाव्या हातात आईची बाहुली घातली. खिमकाकांनी ढोल हळू धरला. हात उचलला गेला. बाहुलीने कपाळावर आडवा हात धरून समुद्राकडे पाहिले.

"इथे 'जेवलास का रे', ना अप्पा?"

बाहुलीने होकारार्थी मान डोलावली. लीचूने ते माझ्यात लिहिले. बाहुली मग उजवीकडे वळून थांबली. मुलाची बाहुली नेहमी उजव्या हातात असे, आणि तो हात मांडीवर निपचित पडला होता.

"मुलगा काय म्हणायचा, काका?"

"मी त्याच्या हाताकडे बघून वाजवायचो गं. कान कुठे देत होतो!"

आईचे बोल हाताच्या खुणांवरून तिला आठवत गेले, मुलाचा एकही आठवेना. काका म्हणाले, "घाल काहीतरी जुळवून. कोणाला कळतंय?"

"अप्पांना कळेल," लीचू म्हणाली आणि आईच्या प्रत्येक प्रश्नाखाली तिने एक ओळ कोरी सोडली.

जत्रेत लीचूने नाटक तसेच केले. आई विचारायची, मुलगा नुसता मान खाली घालून उभा राहायचा. लोकांनी शेंगा फोडायचे थांबवले, असे काकांनी येऊन सांगितले. पुढच्या वर्षीचा मंच कोणाचा, हे देवळाने अजून सांगितलेले नाही. अप्पा रोज खिडकीतून देवळाच्या वाटेकडे बघत बसतात.

मी आता फार दिवस चालणार नाही. माझी सारी नाटके त्या नव्या एडिटरच्या हवाली झाली आहेत. मित्रांनो, एडिटर निवडताना त्याचे रूप पाहू नका. न समजलेल्या गोष्टीशी तो कसा वागतो, ते पाहा. आणि कधी ते नाटक तुमच्या संगणकात उघडले, तर मधल्या कोऱ्या ओळी चुकून राहिल्यात असे समजून पुसू नका. तिथे मुलगा बोलतो.